पॉलीहाऊस एकाचं, पण शेजारच्या बांधावरचे लोक काय म्हणतात? तुमच्या गावचं सांगा

पवनाकाठ

मंडळी, बरेच दिवस मनात होतं म्हणून धागा काढतोय. दिवाळीला गावी गेलो होतो. पवन मावळात आमचं गाव, धरणाच्या खालच्या अंगाला. माझ्या चुलतभावाचं २० गुंठ्याचं गुलाबाचं पॉलीहाऊस आहे, २०१५ ला उभं केलं. आजवर मी त्याबद्दल फक्त दादाकडूनच ऐकत आलो, म्हणजे टॉप सीक्रेट जातीच्या गुलाबाला बंचमागे काय भाव लागला, छताचा प्लास्टिकचा पेपर कधी बदलायचा, १४ फेब्रुवारीचा माल धरायचा तर डिसेंबरात छाटणी कुठल्या तारखेला घ्यायची, हे असलं. त्यामुळे माझ्या डोक्यात गावात पॉलीहाऊस म्हणजे चांगलंच झालं असं पक्कं बसलं होतं.

ह्यावेळी संध्याकाळी देवळात बसलो होतो तर खालच्या वावरवाले तात्या जवळ येऊन बसले. हळूच म्हणाले, "तुझ्या दादाच्या त्या कागदावरचं सगळं पाणी माझ्या खाचरात उतरतं रे. तीन वर्षं झाली, दर आषाढात बांध घालतोय अन् दर आषाढात फुटतोय." तात्यांचा इंद्रायणी भात आहे, दीड एकर. मी विचारलं दादाला बोललात का, तर म्हणाले भावकीत वाईटपणा कशाला.

घरी आलो तर काकू वेगळंच सांगत होती. आवणीला, म्हणजे भातलावणीला, आता बाया मिळत नाहीत, सगळ्या गुलाबात जातात, पूर्वी इर्जिक व्हायची, आज ह्याच्या खाचरात तर उद्या त्याच्या, ती मोडली. आणि दुसऱ्या दिवशी वरच्या आळीतली एक मुलगी भेटली, बारावी झालेली, दादाकडं ग्रेडिंगला जाते. ती म्हणाली की पॉलीहाऊस नसतं तर माझं लग्न दोन वर्षांपूर्वीच लावलं असतं, पगार येतो म्हणून घरचे थांबलेत.

एकच पॉलीहाऊस आणि तीन घरांत तीन गोष्टी! गुंठ्याला खर्च किती नि नफा किती हे सांगणारे व्हिडीओ ढिगानं आहेत. पण ज्याचं पॉलीहाऊस नाही, फक्त शेजारी आहे किंवा तिथं कामाला जातो, त्याला काय वाटतं हे कुणी विचारत नाही. तुमच्या गावात काय आहे? शेडनेटवाल्यांनी पण लिहा.

जालनेकर शेडनेट

चांगला विषय काढला भाऊ. आमचा भाग देऊळगाव राजा ते जालना, इकडं फुलं नाहीत, शेडनेटमध्ये मिरची, टोमॅटो, ढोबळी, काकडीचं बीजोत्पादन. एखाद्या उंच टेकाडावरून बघितलं तर गावाच्या चारी बाजूंनी पांढऱ्या-हिरव्या जाळ्याच दिसतात.

गावाला काय वाटतं म्हणाल तर आधी चांगलं सांगतो. आमच्याकडची माणसं ऊसतोडीला नाहीतर पुण्या-संभाजीनगरला जायची, कपाशी गेली की गाव रिकामं. शेडनेट आल्यापासून निम्मी घरं गावातच राहिली. १० गुंठ्यात दोन-अडीच महिने रोज आठ-दहा बाया लागतात कारण क्रॉसिंग हातानंच करायचं असतं. कळी उमलायच्या आधी चिमट्यानं पुंकेसर काढायचे, मग सकाळी नराची पावडर लावायची, खूण म्हणून दोरा बांधायचा, एकेक फूल. नजर चांगली आणि हात हलका लागतो, म्हणून पोरींना आणि तरण्या बायांना मागणी. म्हाताऱ्या बाया म्हणतात आम्हाला आता कुणी बोलवत नाही, चष्मा लागला की रोज बंद.

आता वाईट. बियाणं कंपनीला दिलं की लगेच पैसे येत नाहीत. उगवण बघतात, मग शुद्धतेची चाचणी होते, तिला जीओटी म्हणतात, त्याला महिने लागतात आणि फेल निघालं तर काहीच नाही. माझाच एक प्लॉट असा गेला. कंपनीचं नाव घेत नाही. पण तोवर बायांची मजुरी तर द्यावी लागते ना? मग शेतकरी म्हणतो कंपनीचं पेमेंट आलं की देतो आणि बाई दिवाळीला दारात येऊन उभी राहते. ह्याच्यामुळं गावात जेवढं वाकडं आलंय तेवढं निवडणुकीनं पण आलं नसेल.

आणि वावधान, म्हणजे वादळी वारा. उन्हाळ्याच्या शेवटी सुटलं की पाईपसकट जाळी उचलून दुसऱ्याच्या वावरात नेऊन टाकतं. मागं एकदा आमची जाळी शेजाऱ्याच्या मोसंबीवर जाऊन पडली, झाडं मोडली, नुकसान भरपाई कुणी कुणाला द्यायची ह्यावर अजून बोलणं बंद आहे.

मजुराची लेक

मी तात्यांची बाजू वाचली, दादांची वाचली, आता कामाला जाणाऱ्यांचं सांगते, कारण माझी आई नऊ वर्षं पॉलीहाऊसमध्ये जाते. आधी जरबेरा, आता गुलाब. तळेगावच्या बाजूला.

आईचं म्हणणं साधं आहे. ती म्हणते, "भातात कंबरभर वाकून चिखलात पाय कुजवले, इथं पायात कोरडी चप्पल असते." पावसाळ्यात डोक्यावर छप्पर असतं, वर्षाचे बारा महिने काम असतं, आठवड्याला पैसे हातात. माझी नर्सिंगची फी ह्याच पैशातून भरली. त्यामुळे कुणी उठून पॉलीहाऊस वाईट म्हणाला की मला राग येतो.

पण तीच आई मार्च-एप्रिलमध्ये दुपारी घरी येते तेव्हा तिचा चेहरा बघवत नाही. बाहेर ३८ असलं तर आत त्याच्यावर. मालक पेपरवर चुन्याचं पाणी मारतात तेव्हा जरा कमी होतं. आणि फवारणी. लाल कोळी, थ्रिप्स, डावणी, भुरी, कीड नाहीतर रोग काही ना काही असतंच, आठवड्याला एकदा तरी मारतातच, कधी दोनदा. फवारणाऱ्याला मास्क, चष्मा, कोट सगळं असतं. पण सकाळी सहाला मारलं आणि आठला बाया फुलं तोडायला आत, त्यांना काही नाही. पडदे बंद असले की वास आतच कोंडतो. औषधाच्या बाटलीवर किती तासांनी आत जायचं ते लिहिलेलं असतं, मी स्वतः वाचून आईला सांगितलं. तिनं मुकादमाला सांगितलं. मुकादम म्हणाला फुलं थांबत नाहीत. खरंय, कळी दुपारपर्यंत उमलली की तिचा भाव पडतो, हे मलाही कळतं. पण फवारणी संध्याकाळी तोडा झाल्यावर घेता येते ना. दुसऱ्या एका मालकानं तसं केलं, आई आता तिकडं जाते, रोज २० रुपयांनी कमी असूनही.

गावातल्या बायका काय म्हणतात हे विचारताय म्हणून सांगितलं. त्यांना कुणी विचारलं तर त्या "बरं आहे" एवढंच म्हणतील.

पांढरं छत

मी पॉलीहाऊसवाला आहे, नगर जिल्ह्यातला. ताई, तुमच्या आईंचं वाचून वाईट वाटलं आणि संध्याकाळी फवारणीचं एकदम मान्य, आम्ही तेच करतो.

पण मालकाची बाजूही ऐका. गावाला आमचं पांढरं छत दिसतं, बँकेचा हप्ता दिसत नाही. लोकांना वाटतं ह्याला सरकारनं फुकट दिलंय. अहो ५० टक्के अनुदान म्हणजे सरकारनं धरलेल्या खर्चाच्या ५० टक्के. २०१४ च्या नियमात २० गुंठ्याच्या आसपासच्या पॉलीहाऊसला चौरस मीटरला ८९० रुपये धरले होते, म्हणजे अनुदान नऊ लाखाच्या आतबाहेर. ते पण आधी सगळं स्वतः उभं करा, मग मोजणी, मग पैसे. तोवर कर्जावर व्याज चालू. वर लाल माती, रोपं, ठिबक, फॉगर, शीतगृह, लाईटबिल हे वेगळं.

२०१७ ची कर्जमाफी दीड लाखापर्यंत होती. आमची कर्जं २५-३० लाखांची, आम्ही कुठं बसणार? तेव्हापासून आमच्या भागातले पॉलीहाऊस-शेडनेटवाले आंदोलनं करताहेत. त्यात २०२० आलं. मार्चअखेरीस लॉकडाऊन, लग्नं बंद, देवळं बंद. गुलाब रोज तोडावाच लागतो नाहीतर झाड बसतं, त्यामुळे रोज तोडायचा आणि रोज बांधावर फेकायचा. माझ्या बायकोनं ते ढीग बघून जेवण सोडलं होतं दोन दिवस.

आणि प्लास्टिकची फुलं! हॉल, स्टेज, गणपतीची मखरं, सगळीकडं तीच. २०२२ ला एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर बंदी आली त्यात ही फुलं धरलीच नाहीत. विषय कोर्टात गेला, विधानसभेत निघाला, पण लग्नाच्या हॉलमध्ये अजून तेच लटकलेलं असतं.

गावात आता कसं झालंय, दोन पॉलीहाऊस बंद पडलेत, सांगाडे उभे आहेत, पेपर फाटून लोंबतोय. रात्री वारा सुटला की त्याची फडफड अख्ख्या वस्तीला ऐकू येते. लोक पोरांना सांगतात, बघ, जास्त उडी मारली की असं होतं. हे ऐकायला लागतं आम्हाला.

पवनाकाठ

@पांढरं छत, भाऊ तुमचं प्रत्येक वाक्य आमच्या घरात घडलेलं आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्याकडं अख्खा पेपर गेला, तीन पाईप वाकले. दादा त्या दिवशी पहिल्यांदा रडला असं काकूनं सांगितलं. मालकानं मजा मारली असं मला अजिबात म्हणायचं नाही. मला एवढंच कळत नाही की दादाला कर्ज देताना, अनुदान देताना मोजणीला माणसं आली, पाईपचा गेज मोजला, पेपर २०० मायक्रॉन आहे का बघितलं, पण वरचं पाणी कुठं जाणार हे एकानं पण विचारलं नाही का? तात्यांचं खाचर तर तिथंच होतं तेव्हा.

माळरान

आमच्याकडं पाण्याचं उलट आहे. छतावरून येणारं पाणी कुणाला नको झालंय असं नाही, जमिनीखालून जाणारं पाणी हा प्रश्न आहे. पॉलीहाऊसला उन्हाळ्यात एक दिवसही पाणी चुकवता येत नाही म्हणून प्रत्येकानं कागद टाकून मोठं शेततळं केलं. योजना पावसाचं पाणी साठवायची, पण भरतात कशानं, तर विहिरीतून आणि बोअरमधून उपसून. डिसेंबर-जानेवारीत सगळ्यांच्या मोटारी रात्रंदिवस चालू. मग शेजारच्याची विहीर जी पूर्वी एप्रिलपर्यंत टिकायची ती फेब्रुवारीत तळ दाखवते. उघड्या तळ्यातनं उन्हानं उडून जातं ते वेगळंच. गावात बाया म्हणतात, "आमचं पाणी तिकडं ऊन खात बसलंय." मी ह्याहून नेमकं कुठल्या भाषणात ऐकलं नाही.

ठिबकनं पॉलीहाऊसला पाणी कमी लागतं हे खरंय, माणसं पण मानतात. पण तेच पाणी मार्च-एप्रिलला सुद्धा लागतं, आणि तेव्हा ते ज्याच्याकडं आहे त्याच्याचकडं असतं.

आंबेमोहोर

माळरान +१. आणखी एक, ती लाल माती. वाफे भरायला काळी माती चालत नाही म्हणून टिपरच्या टिपर लाल माती येते. कुठून येते? आमच्या गावामागचा डोंगराचा एक दांड पूर्ण खरवडला गेलाय, गुरं चरायची तिथं. पॉलीहाऊसवाल्याला विचारलं तर तो म्हणतो मी पैसे देऊन विकत घेतली. तो खोटं बोलत नाही, पण दांड गेला तो गेलाच.

आणि पुण्या-मुंबईचे लोक जमिनी घेऊन पॉलीहाऊस टाकतात तिथं पहिलं काम तारेचं कंपाऊंड. ओढ्याकडं जायची पिढ्यान्पिढ्याची वहिवाट बंद. कामाला झारखंड-बिहारची मुलं आणून खोल्यांत ठेवलेली. त्या मुलांचा दोष नाही, बिचारी घरापासून इतक्या लांब राहतात, पण गावाचा आणि त्या पॉलीहाऊसचा काही संबंधच उरत नाही, फक्त सकाळी फुलांची गाडी जाताना दिसते.

कांदाचाळ

जुन्या पेपरचं कुणी लिहिलं नाही अजून. आमच्या गावात पॉलीहाऊसचा पेपर बदलायचा म्हटलं की लोक महिनाभर आधी नंबर लावून ठेवतात. गोठ्यावर, कडब्याच्या गंजीवर, कांदाचाळीवर, पावसाआधी गळक्या घरावर. चार वर्षं उन्हात राहिलेला असला तरी अजून दोन पावसाळे काढतो. ज्यांच्याकडं पत्र्याला पैसे नाहीत त्यांना हा पेपर म्हणजे मोठाच आधार आहे, तेव्हा प्लास्टिक म्हणून सरसकट नावं ठेवू नका.

त्रास आहे तो मल्चिंगचा, म्हणजे वाफ्यावर अंथरतात त्या प्लास्टिकचा. तो इतका पातळ की काढताना चिंध्या होतात, मग बांधावर पेटवतात. धूर वस्तीत. गुरांच्या पोटात पण जातो. आमची एक गाभण गाय त्यातच गेली असं डॉक्टर म्हणाले.

लेकसिटी

एक प्रश्न, पॉलीहाऊस असलं की मुलाचं लग्न पटकन जमतं हे खरंय का? आमच्या नात्यात एकानं केवळ स्थळं यावीत म्हणून १० गुंठ्याचं टाकलं असं ऐकलंय.

जालनेकर शेडनेट

जमतं हो, पण आता मुलीकडचे हुशार झालेत, सातबाऱ्यावरचा बोजा बघून मगच चहा पितात.

वेस्टलंडहून

मी मूळची साताऱ्याची, सध्या नेदरलँड्सला, हेगच्या खाली वेस्टलंड म्हणून भाग आहे तिथं राहते. तळेगावच्या पॉलीहाऊसवाल्यांना हॉलंड माहीतच असेल, गुलाब-जरबेऱ्याच्या जाती इथूनच तर येतात. इथं मैलोन् मैल काचेची हरितगृहं आहेत, गावं त्यांच्यामध्ये बेटासारखी.

तुमच्या धाग्यात वाचलं ते इथं पण ऐकू येतं, फक्त वस्तू वेगळ्या. इथल्या म्हाताऱ्या शेजारीणबाईंची तक्रार रात्रीच्या उजेडाची. हिवाळ्यात झाडांना दिवे लावतात, ढग असले की अख्खं आभाळ केशरी होतं, म्हणून रात्री आतून पडदे ओढायचा कायदा आहे. मजूर इथं पोलंड-रुमानियाचे, एका घरात दाटीवाटीनं ठेवतात ह्यावर गावसभेत वाद होतात. २०२२ ला गॅस महागला तेव्हा कितीतरी काचा हिवाळाभर अंधारात होत्या.

एक फरक मात्र जाणवतो. इथं छतावरचं पावसाचं पाणी कुणी वाया जाऊ देत नाही, प्रत्येक हरितगृहाला लागून तळं असतं आणि छताचं पाणी पन्हाळीतून थेट त्यात जातं. तेच पाणी झाडांना, कारण ते क्षारविरहित असतं. पवनाकाठ, तुमच्या तात्यांच्या बांधाचं वाचल्यावर माझ्या डोळ्यांसमोर हेच तळं आलं.

निवृत्त कृषीवाला

मी खात्यात होतो, पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो. पवनाकाठ यांनी विचारलं की पाणी कुठं जाणार हे एकानं पण विचारलं नाही का. मी स्वतः अशा मोजण्या केल्या आहेत आणि मी पण नाही विचारलं. आमच्या तपासणीच्या कागदावर तो रकानाच नव्हता आणि मला सुचलंही नाही. हे लिहिताना जड जातंय.

आता हिशोब बघा. २० गुंठे म्हणजे साधारण २००० चौरस मीटर. पवन मावळात पावसाळ्यात दीड हजार मिलिमीटर धरला, घाटाकडं तर बराच जास्त पडतो, तरी ३००० घनमीटर झालं, म्हणजे ३० लाख लिटर. १० हजार लिटरचे ३०० टँकर. पूर्वी हेच पाणी २० गुंठ्यात पसरून मुरायचं, आता पन्हाळीच्या दोन-चार तोंडांतून एका जागी जोरात पडतं. तात्यांचा बांध मातीचा आहे, तो फुटणारच, त्यात त्यांचं काही चुकत नाही.

३० बाय ३० बाय ३ मीटरच्या शेततळ्यात साधारण २२ लाख लिटर मावतं. म्हणजे दादांचं छत एका पावसाळ्यात एक पूर्ण शेततळं भरून वर उरवतं. वेस्टलंडच्या ताई म्हणतात तसं हे पाणी गुलाबाला उत्तम, बोअरच्या पाण्यातले क्षार साठून वाफे खराब होतात ते टळतं. जागा नसेल तर निदान पन्हाळींना सहा इंची पाईप जोडून पाणी ओढ्यापर्यंत किंवा जुन्या विहिरीत न्यावं, विहिरीआधी गाळणखड्डा मात्र हवाच. दादांशी बोला. भावकीत बोलणं अवघड असतं ते ठाऊक आहे, पण आकडा हातात असला की भांडण कमी होतं असा माझा अनुभव आहे.

मजुराची लेक

काका, तुम्ही मोकळेपणानं लिहिलंत, आभार. त्या तपासणीच्या कागदावर आत किती बाया काम करणार, त्यांना हातपाय धुवायला पाणी आणि बाथरूम आहे का, हा पण रकाना नव्हता ना? आईच्या आधीच्या ठिकाणी नव्हतं बाथरूम. दिवसभर पाणीच प्यायची नाही ती, त्या उकाड्यात.

निवृत्त कृषीवाला

नव्हता ताई.

पवनाकाठ

उशिरा लिहितोय, मधे परत गावी जाऊन आलो. काकांचा हिशोब वहीत उतरवून नेला होता. दादाला दाखवला तर आधी चिडलाच, म्हणाला गावभर माझी पंचाईत करतोस. मग ३० लाखाचा आकडा दोनदा मोबाईलवर गुणून बघितला आणि गप्प झाला. उन्हाळ्यात तो स्वतः टँकर विकत घेतो, गेल्या मे मध्ये पण घेतले होते.

वरच्या अंगाला आजोबांच्या काळची विहीर आहे, गाळानं अर्धी भरलेली, तिचा उपसा करायचा आणि पन्हाळ्या तिकडं वळवायच्या असं ठरतंय. चढ आहे थोडा, त्यामुळे सगळं पाणी तिकडं जाणार नाही, खालच्या दोन तोंडांचं तात्यांच्या बाजूलाच उतरणार. त्यासाठी तात्यांच्या बांधाकडेनं दगडी चर काढून ओढ्यात सोडायचं, खर्च दादाचा, जागा तात्यांची. तात्यांकडं मीच गेलो विचारायला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चर काढ. पण खाचराच्या वरच्या तोंडाला एक मोरी ठेव. आवणीच्या टायमाला पाऊस दडी मारतो, तेव्हा ते पाणी मला लागंल."

बाथरूमचं पण दादाला विचारलं. एक आहे, पण ते पॅकिंग खोलीच्या मागं कुलपात असतं, किल्ली मुकादमाकडं. किल्ली आता दारालाच लटकवलीय, मी निघायच्या आधी बघून आलो.